दादाची बॅट

चप्पल घ्यायला गेलो की आपण आधी पाय पुढे करतो. कपडे शिवायला टाकले की शिंपी आधी टेप काढतो. बैलाला नवे जू करायचे तर सुतार आधी बैलाची मान पाहून घेतो. एवढे सगळे मापाने घेणारे आपण, क्रिकेटची बॅट मात्र भिंतीवरच्या चित्राकडे पाहून घेतो. ज्याचे चित्र, त्याची बॅट! त्याची उंची किती, आपली किती. तो कुठल्या मैदानावर खेळतो, आपण कुठल्या. तो कसा खेळतो आणि आपल्याला काय खेळता येते, हा हिशेब कोणी करत नाही. मीही केला नव्हता. तो हिशेब मला कसा करावा लागला, त्याची ही गोष्ट. ती सांगताना थोडी बॅटची शास्त्रोक्त माहितीही येईल. ती मात्र मुद्दाम दिली आहे.

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक खुंटी आहे. तिच्यावर गेली कित्येक वर्षे दादाची बॅट टांगलेली असे. दादाने ती बारावीच्या सुटीत घेतली. त्यासाठी तो दोन महिने नामपूरला कांद्याच्या खळ्यावर जात होता. सकाळी कांदा निवडायचा, दुपारी गोण्या भरायच्या, संध्याकाळी डोळे पुसत घरी यायचे. पैसे पुरेसे जमल्यावर एके दिवशी तो मालेगावला गेला आणि रात्रीच्या एस. टी.ने बॅट घेऊन आला. आई सांगते, तान्हे मूल घेऊन उतरावे तसा तो गाडीतून उतरला. बॅटीला जवसाचे तेल लावणे, ती उन्हात न ठेवणे, जुन्या चेंडूने हळूहळू ठोकून तिचे पाते पक्के करणे, असे तिचे बाळंतपण पुढे पंधरा दिवस चालले. मी तेव्हा पाचवीत होते. बॅट उभी केली की तिची मूठ माझ्या पोटाच्या वर येई. "हात लावायचा नाही," अशी सक्त ताकीद होती आणि म्हणूनच मी रोज हात लावत असे.

त्या बॅटीवर दादा गावात नावाजला. मोसम नदीच्या काठच्या वाड्या-वस्त्यांवर टेनिस चेंडूचे सामने होत, त्यांत त्याला बोलावणे येई. मग एकदा तो नाशिकला निवडीचे सामने खेळायला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. "अंपायरनं पायचीत दिलं. चेंडू यष्टीबाहेर होता," एवढेच तो बोलला. आप्पांनी त्या न पाहिलेल्या अंपायरला पुष्कळ शिव्या दिल्या. आमच्या घरात ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली की तो अंपायर आमच्या घरातलाच एखादा दुष्ट नातेवाईक वाटावा! पुढे दादा सातपूरला कंपनीत लागला. जाताना त्याने बॅट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सांभाळ."

मी सांभाळली. देवासारखी सांभाळली. खेळायला मात्र ती पुष्कळ उशिरा हातात घेतली, कारण मुलीने बॅट घेऊन जायचे कुठे, हाच प्रश्न होता. तो प्रश्न २०२५ च्या नोव्हेंबरात सुटला. २ नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आम्ही सात-आठ जणी एका मोबाइलभोवती बसून तो सामना पाहत होतो. दिवाळीची सुटी संपल्यावर कॉलेजच्या फळ्यावर मुलींच्या क्रिकेट संघासाठी नावे देण्याची सूचना लागली. मागच्या वर्षी अशाच सूचनेखाली चार नावे आली होती. या वर्षी चौदा आली. त्यांत माझे तिसरे होते.

जिमखान्यात बॅटी होत्या. पण त्या मुलांच्या. सगळ्या पूर्ण मापाच्या, दोघींना आळीपाळीने वापराव्या लागत अशा. मी एकटीच स्वतःची बॅट घेऊन येणारी. मैत्रिणी तिच्याकडे आदराने बघत. पहिले दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवसापासून मात्र रोज तेच होऊ लागले. सरळ, खाली राहणारा चेंडू आला की माझी बॅट वाटेतच असे आणि मागे यष्ट्यांचा आवाज येई. एका आठवड्यात मी चार वेळा एकाच तऱ्हेने त्रिफळाचीत झाले. मुठीचे टोक पोटात रुतत होते. ते चुकवायला मी हात खाली सरकवी. हात खाली सरकला की वरचा मोकळा दांडा कोपराला आडवा येई. त्याला वाट द्यायला मी बॅट तिरकी आणी. तिरकी बॅट आणि सरळ चेंडू! पुढचे सांगायला नको.

आमच्या सरांनी हे चार दिवस मुकाट्याने पाहिले. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "तू बॅट खेळत नाहीस, बॅट तुला खेळवतेय. इकडे ये." मग भर मैदानात त्यांनी माझे माप घेतले. ते माप कसे घ्यायचे हे येथे लिहिते, कारण ते दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

पहिली कसोटी उंचीची. बूट घालून सरळ उभे राहायचे आणि बॅट पायाशेजारी, करंगळीच्या बाजूला उभी करायची. मुठीचे टोक मनगटाच्या आसपास यावे. फार वर गेले तर बॅट लांब. फार खाली राहिले तर आखूड. दुसरी कसोटी उभे राहण्याची. आपण जसे फलंदाजीला वाकून उभे राहतो तसे राहायचे. मुठीचे टोक पुढच्या पायाच्या मांडीच्या वरच्या भागाशी आतल्या बाजूने टेकावे, पोटाला नव्हे. तिसरी कसोटी वजनाची आणि ती सर्वांत खरी. बॅट फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाने डाव्या हाताने, धरायची आणि मागे उचलून सरळ खाली आणायची. असे दहा-बारा वेळा करायचे. हात थरथरला, पाते वाकडे यायला लागले, तर ती बॅट कितीही सुंदर असली तरी आपली नव्हे.

मी तिन्ही कसोट्यांत नापास झाले. किंवा बॅट नापास झाली असे म्हणू.

बॅटीची मापे पाहिली तर गोष्ट अगदी सोपी आहे. लहान मुलांसाठी एक ते सहा नंबरच्या बॅटी असतात. पाच फूट ते पाच फूट तीन इंच उंचीच्या खेळाडूला साधारणपणे सहा नंबरची बॅट बसते. त्यापुढे 'हॅरो' नावाचे माप, पाच-सहापर्यंतच्या उंचीला. त्यानंतर पूर्ण मापाची, जिला 'शॉर्ट हँडल' म्हणतात, ती बहुतेक मोठी माणसे वापरतात. तिची लांबी ३३ ते ३४ इंचांच्या आसपास असते. आणि सर्वांत शेवटी 'लाँग हँडल'. पाते तेवढेच, पण मूठ जवळजवळ इंचभर लांब. ही सहा फुटांवरच्या माणसांसाठी. कंपनीगणिक या मापांत थोडा फरक पडतो, पण क्रम हाच. माझी उंची पाच फूट दोन इंच. दादाची बॅट 'लाँग हँडल'.

नियमाचे म्हणाल तर नियम फक्त मोठेपणाला कुंपण घालतो. १७७१ साली इंग्लंडमध्ये टॉमस व्हाइट नावाचा एक खेळाडू यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. समोरचा संघ चिडला आणि त्यातून बॅटीच्या रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली. लांबीची ३८ इंचांची मर्यादा १८३५ साली आली. या दोन्ही मर्यादा आजही तशाच आहेत. पण बॅट किती लहान असावी, यावर नियम नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. बायकांच्या क्रिकेटमध्ये चेंडू हलका असतो. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा, बायकांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. बॅटीला मात्र वेगळा नियम नाही. म्हणजे नियमाने आम्हांला मोकळीक दिली आहे. ती वापरायची अक्कल आपली आपण आणायची.

अंगाचे माप झाले. आता जमिनीचे. सरांनी मला खेळपट्टीवर नेले आणि विचारले, "इथं चेंडू किती उंच येतो?" मी म्हटले, "कधी गुडघ्याला, कधी घोट्याला." ते म्हणाले, "मग बॅट कुठली हवी?" आपले मैदान मुरुमाचे. पाणी मारून, रोलर फिरवून ते सकाळी कडक असते. दुपारी वरची माती सुटते आणि चेंडू खाली राहू लागतो. वेगवान, उसळत्या खेळपट्ट्यांवर खेळणारे लोक अशी बॅट घेतात की जिच्या पात्याचा भरीव भाग थोडा वर असतो, कारण चेंडू वर येऊन लागतो. आपल्याकडे चेंडू खाली राहतो. तेव्हा पात्याचा भरीव भाग खाली हवा. बॅट आडवी धरून बोटावर तोलली किंवा लाकडी हातोडीने हलके ठोकत गेले की हा भाग कळतो. जिथे ठोकल्यावर हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि आवाज भरून येतो, ती बॅटीची जागा.

पण आंतरमहाविद्यालयीन सामने होतात काथ्याच्या मॅटवर. मॅट ताणून ठोकलेली असेल तर चेंडू चांगला उसळतो. ढिली राहिली तर पकड घेऊन वळतो. आणि गावातल्या टेनिस चेंडूच्या सामन्यांचे गणित आणखी निराळे. तिथे हलकी बॅट घेऊन जोरात फिरवली की काम भागते, चेंडू बॅटीला इजा करत नाही. म्हणजे एकाच नामपूरच्या पोरीला तीन तऱ्हेच्या जमिनी आणि दोन तऱ्हेचे चेंडू. तीन बॅटी घेणे आपल्या ऐपतीत नाही. तेव्हा जिथे आपण जास्त खेळतो आणि जिथे चूक झाली तर महागात पडते, त्या जमिनीकडे पाहून बॅट निवडायची. माझ्यासाठी तो खाली राहणारा चेंडू होता.

तिसरी गोष्ट खेळण्याच्या तऱ्हेची. डॉन ब्रॅडमनची बॅट सव्वादोन पौंडांच्या आसपास असे. सचिन तेंडुलकरची तीन पौंडांहून जड. दोघेही उंचीने बेताचे, दोघेही आपापल्या काळाचे राजे. यावरून कळते की नुसत्या उंचीने सगळे ठरत नाही. मनगटाने, पायाच्या हालचालीने खेळणाऱ्याला हलकी बॅट साथ देते. जडपणाच्या जोरावर चेंडू ढकलणाऱ्याला जड. २०१० साली आय. पी. एल.मध्ये मॅथ्यू हेडन एक विचित्र बॅट घेऊन उतरला होता. पाते एक तृतीयांशाने आखूड आणि मूठ चांगलीच लांब. ती बॅट फक्त टोलवण्यासाठी. चेंडू अडवायचा असेल तर तिला पातेच पुरेसे नाही! हेडनला तिचा उपयोग होता, कारण त्याला वीस षटकांच्या सामन्यात मारायचेच होते. मला मात्र पहिली दहा षटके टिकून राहायचे काम दिले होते. टिकणाऱ्याला सरळ खाली येणारी बॅट लागते. लांब, जड आणि आडवी येणारी नाही.

इतके सगळे ऐकून मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "सर, सचिननेसुद्धा भावाचीच बॅट वापरली होती."

हे दादाचे वाक्य. आणि ते खोटे नाही. लहानपणी सचिन थोरल्या भावाच्या, अजितच्या, मोठ्या बॅटीने खेळे. ती पेलावी म्हणून तो मुठीच्या अगदी खालच्या भागाला धरी. ती सवय त्याला जन्मभर राहिली. पकड बदलून पाहा असे सांगणारे भेटले, त्याने बदलून पाहिली, पण हाताला ती मानवली नाही. बेताबाहेरची बॅट त्याची शैली होऊन बसली. स्मृती मानधनाचेही तसेच. सांगलीची ही मुलगी भावाचे पाहून क्रिकेट शिकली. भावाने राहुल द्रविडकडून तिच्यासाठी आणलेली बॅट शोभेला ठेवायची होती. पण हातात घेतल्यावर तिचा तोल इतका चांगला वाटला की ती तिनेच खेळू लागली आणि २०१३ साली बडोद्याला एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या.

सर हसले. म्हणाले, "स्मृतीने बॅट हातात घेतल्यावर काय पाहिलं? सही पाहिली की तोल पाहिला? आणि सचिन म्हणशील, तर मोठ्या बॅटीनं खेळून सचिन झालेला एक तुला माहीत आहे. मोठ्या बॅटीनं खेळून खेळ सोडलेले किती, ते कोणी लिहून ठेवत नाही."

या उत्तरावर मला बोलता आले नाही. पण पटले असेही नाही. मला त्या वेळी फक्त एवढे कळत होते की माझ्या दादाच्या बॅटीला कोणीतरी चूक म्हणत आहे.

नवी बॅट घेणे हा एक मार्ग होता. काश्मिरी विलोची सहा नंबरची बॅट इंग्लिश विलोपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. पण या वर्षी आमच्या कांद्याने दगा दिला होता, आणि घरात बॅटीचा विषय काढायला माझी जीभ रेटेना. दुसरा मार्ग सरांनी सुचवला, "मूठ वरून कापून घे." बॅटीची मूठ वेताची असते, ती पात्यात पाचरीसारखी बसवलेली असते. वरचे टोक कापले तर सांध्याला धक्का लागत नाही. मी बॅट घेऊन गल्लीतल्या सुतारबाबांकडे गेले. त्यांनी ती उलटीपालटी केली, माझ्याकडे पाहिले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "बॅट मोठी नही, तू धाकली शे. कापी टाकू का?" त्यांच्या हातात करवत होती. मी बॅट ओढून घेतली आणि घरी पळत आले.

घरी येऊन बॅट खुंटीवर टांगली. आई चुलीजवळ बसून पाहत होती. तिने विचारले, मी सांगितले. आई कांद्याच्या कापणीला जाते तेव्हा स्वतःचा विळा बरोबर नेते. ती म्हणाली, "हा विळा तुझ्या आजीचा. तिचे हात माझ्यापेक्षा मोठे. पहिल्या वर्षी माझ्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या वर्षी मी मूठ तासून घेतली. आजी काही बोलली नाही. उलट म्हणाली, आता वाफे लवकर उरकशील."

मग मी दादाला फोन लावला. त्याची पाळी संपायची वेळ होती. आडवळणे न घेता विचारले, "दादा, तुझी बॅट कापली तर चालेल का?"

तो बराच वेळ गप्प. मला वाटले, रागावला. मग म्हणाला, "किती?"

"दीड इंच."

"दोन काप," तो म्हणाला. आणि मग हसला. "अगं, ती बॅट मलाही कधी बसली नाही."

मी ऐकतच राहिले. दादा पाच फूट आठ इंच. 'लाँग हँडल' त्यालाही लांबच. मालेगावच्या त्या दुकानात ती बॅट किती तरी दिवस पडून होती. आपल्या भागात सहा फुटांवरचे गिऱ्हाईक यायचे कुठून? म्हणून दुकानदाराने ती कमी पैशांत दिली. दादाच्या खिशातल्या पैशांत पूर्ण मापाची चांगली बॅट येत नव्हती. ही येत होती. आणि दिसायला ही सगळ्यांत मोठी! "गावात टेनिसच्या चेंडूला काय, कशीही फिरवली तरी चालायचं," तो म्हणाला. "नाशिकला खरा चेंडू. तिसराच चेंडू खाली राहिला. बॅट खाली आलीच नाही. पायाला लागला तो बरोबर मधल्या यष्टीसमोर. मी अंपायरच्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही, आधीच निघालो होतो."

"मग आप्पांना तू…"

"दोन महिने गोण्या भरून आणलेली बॅट चुकीची निघाली, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

आमच्या घरातला तो दुष्ट नातेवाईक त्या रात्री निर्दोष सुटला. मला दादाचा राग आला नाही. एवढी वर्षे त्याने एक ओझे वागवले आणि ते बॅटीच्या वजनापेक्षा जड होते, एवढेच वाटले. आणि हेही वाटले, की जाताना तो मला "सांभाळ" म्हणाला. "खेळ" म्हणाला नव्हता. आता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुतारबाबांनी आधी रबरी ग्रिप उलटी गुंडाळून काढली. मुठीवरचा दोरा सोडवला. मी मनगटाजवळ पेन्सिलची खूण धरून उभी राहिले आणि त्यांनी दोन इंचांवर करवत चालवली. वेताचा पिवळा भुसा माझ्या चपलेवर पडला. नुसती मूठ कापली की बॅट पात्याकडे आणखी जड लागते, कारण वजन वरचे कमी होते, खालचे तसेच राहते. म्हणून सरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे पात्याच्या तळाचा झिजून चिरलेला भाग अर्धा इंच कापला. तिथून काढलेले थोडे लाकूडही उचलताना पुष्कळ हलके वाटते, कारण ते हातापासून सर्वांत दूर असते. कापलेल्या तळाला फेव्हिकॉल आणि वर व्हार्निश दिले, ओल शिरू नये म्हणून. मुठीला पुन्हा घट्ट दोरा गुंडाळला, ग्रिप चढवली. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम. मी डाव्या हाताने बॅट उचलली. दहा वेळा. बाराव्या वेळीही ती सरळ खाली आली.

ती सहा नंबरची झाली असे नाही. पाते अजून मोठे आहे. वजनही मला हवे त्यापेक्षा थोडे जास्तच. पण आता ती माझे ऐकते.

आता सामन्याचे. वाचकांची अपेक्षा असेल की मी पन्नास धावा काढल्या आणि आपण जिंकलो. आपण हरलो. मी १९ धावा केल्या. त्यांतल्या चार बॅटीच्या कडेला लागून गेल्या, त्या माझ्या म्हणता येत नाहीत. पण अकरा षटके मी उभी होते. मॅटचे एक टोक उचललेले होते, तिथून एक चेंडू घसरून घोट्याच्या उंचीने सरळ आत आला. आधीच्या आठवड्यात ज्या चेंडूवर मी चार वेळा गेले होते तोच. बॅट वेळेवर खाली होती. चेंडू गोलंदाजाकडे परत गेला. धाव नाही, टाळी नाही. सीमारेषेवरून फक्त सर म्हणाले, "हं."

संक्रांतीला दादा आला. अंगणात त्याने बॅट घेऊन पवित्रा घेतला आणि कंबरेत वाकला. "मला आखूड झाली," म्हणाला. आप्पा ओट्यावर तिळगूळ खात बसले होते. दादाने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि नाशिकची गोष्ट त्यांना स्वतःहून सांगितली. आप्पा ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, "मग त्या बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या."

खुंटी आता रिकामी असते. बॅट मैदानावर जाते. गेल्या आठवड्यात प्रथम वर्षाची एक मुलगी सरावाला आली. उंची चार फूट दहा इंच. ती थेट माझ्या बॅटीकडे गेली आणि म्हणाली, "ताई, हिने खेळू का?" मी बॅट मागे घेतली. तिला आधी सरळ उभे केले, बॅट तिच्या पायाशेजारी धरली आणि मूठ कुठवर येते ते पाहिले. मनगटाच्या पुष्कळ वर आली. कापूनही ती तिच्यासाठी मोठीच होती. तिला पाच नंबरची लागेल, आणि ती आपल्या जिमखान्यात नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि जिमखाना समितीला एक विनंती करून थांबते. पुढच्या खरेदीत मुलींसाठी दोनच बॅटी घ्याव्यात. एक पाच नंबरची, एक सहा नंबरची. काश्मिरी विलोच्या चालतील. पण दुकानात जाताना आमच्यापैकी कोणाला तरी बरोबर न्यावे, आणि बॅट हातात देण्याआधी तिला सरळ उभे राहायला सांगावे.